दुधातली साक्ष

गाय पान्हावली तरी अनुभवी गवळी पहिली धार चरवीत घेत नाही. प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा तो बाजूला सोडतो, त्या निरखतो आणि मगच चरवी पुढे धरतो. दुधात कण्या किंवा गाठी दिसल्या, धार पाणचट आली, तिच्यात रक्ताची झाक असली, कास हाताला गरम आणि कठीण लागली, तर काय झाले ते त्याला कुणी सांगावे लागत नाही. कासेचा तो भाग दगडासारखा घट्ट होतो म्हणून या रोगाला आपल्याकडे ‘दगडी’ म्हणतात. पुस्तकी नाव कासदाह. इथपर्यंत सारा मामला हातच्या कांकणाला आरसा कशाला असा आहे. फक्त ती धार तळहातावर घेऊन पाहण्याची सवय वाईट. तोच हात पुढच्या सडाला लागतो आणि रोग पुढे सरकतो. काळ्या रंगाची वाटी घ्यावी. पांढऱ्या कण्या तिच्यात चटकन दिसतात. आणखी एक, आपल्या एका लाडक्या म्हणीविषयी. एरवी शांत उभी राहणारी गाय धारेच्या वेळी लाथ झाडू लागली, तर दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणून ती सोसू नये. सड चाचपून पाहावा. बहुधा तिला दुखत असते.

हे झाले दिसणाऱ्या रोगाचे. पण कासेचा रोग जितका दिसतो त्याहून पुष्कळ अधिक न दिसणारा असतो. गाय खाते-पिते, कास मऊ असते, दूध पांढरेशुभ्र असते, चहात नासत नाही. आणि तरीही एखाद्या सडाच्या आत जंतू ठाण मांडून बसलेले असतात. याला सुप्त कासदाह म्हणतात. दूध हळूहळू कमी होते आणि मालक त्याचा दोष चाऱ्याला, उन्हाळ्याला किंवा गाईच्या वयाला देत राहतो. मधल्या काळात धार काढणाऱ्याच्या हातांवरून, कास पुसण्याच्या एकाच फडक्यावरून, यंत्राच्या नळ्यांवरून तो जंतू शेजारच्या गाईकडे जातो. अशी गाय ओळखायची कशी, हा या लेखाचा विषय. त्यासाठी दुधातले प्रतिपिंड तपासण्याची एक रीत आहे. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, यावर कधी कधी एका जनावराचे आणि एका घराच्या मिळकतीचे भवितव्य ठरते. म्हणून ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

आधी सोपी परीक्षा पाहू. सडात जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून येतात आणि दुधात उतरतात. निरोगी कासेच्या एका मिलीलिटर दुधात अशा पेशी साधारण लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या तर संसर्ग असल्याचे धरून चालतात. युरोपीय संघात गोठ्यावरून उचललेल्या दुधासाठी चार लाखांची मर्यादा आहे. या पेशी मोजायला यंत्र लागते, पण गोठ्यातल्या गोठ्यात अंदाज घेण्याची युक्ती कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. चार खणांच्या एका पसरट पात्रात चारही सडांचे थोडे थोडे दूध घ्यायचे, तितकेच धुण्याच्या साबणासारखे एक द्रावण घालायचे आणि पात्र गोल फिरवायचे. द्रावणाने पेशी फुटतात, त्यांच्यातले जनुकद्रव्य मोकळे होऊन एकमेकांत गुंतते आणि पेशी पुष्कळ असतील तर दूध पाहता पाहता लापशीसारखे दाट होते. अर्ध्या मिनिटाचे काम. स्वस्त, झटपट आणि कोणता सड बिघडला तेही सांगणारे. गोठ्यात कोणती परीक्षा ठेवावी असे कुणी विचारले, तर मी आधी हिचेच नाव घेईन.

पण तिला एक गोष्ट कळत नाही. आत भांडण चालू आहे एवढे ती सांगते; भांडण कोणाशी, ते सांगत नाही. आणि कासदाहात ‘कोण’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए नावाचा जंतू पेनिसिलिनला बहुधा लवकर शरण येतो. त्याच्या नावाचा अर्थच ‘दूध नाहीसे करणारा’ असा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस मात्र कासेच्या मांसात बारीक गळवे करून, प्रसंगी पेशींच्या आत शिरून लपतो. औषध तिथवर नीट पोचत नाही आणि बरी झालेली वाटणारी गाय पुन्हा बिघडते. मायकोप्लाझ्मा या जातीच्या जंतूंना पेशीभित्तीच नसते. पेनिसिलिन नेमके तीच भित्ती बांधण्याचे काम बंद पाडते, म्हणून इथे ते निरुपयोगी. शेणातून येणाऱ्या ई. कोलायची गोष्ट आणखी निराळी. जंतू न ओळखता औषध टोचले, तर पैसा जातो, रोग राहतो आणि औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाला घरी विरजण लावले, तर कधी दहीच लागत नाही. विरजणातले जंतूही जंतूच, तेही त्या औषधाने मरतात.

मग प्रयोगशाळेत दूध पाठवून जंतू वाढवून पाहावा, हे सरळ उत्तर. ते बरोबरच आहे; आजही अखेरचा शब्द पुष्कळदा त्याचाच असतो. अडचण अशी की स्टॅफिलोकॉकस दुधात रोज सारख्या संख्येने येत नाही. आज आला, परवा आला नाही. ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशी तो दडून बसला असेल, तर अहवाल ‘काही नाही’ असा येतो. मायकोप्लाझ्मा तर वाढायलाच आठवडा-दीड आठवडा घेतो. नमुना निर्जंतुक बाटलीत, सड स्वच्छ पुसून, थंड ठेवून पाठवावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात, दोन गाईंच्या मालकाला, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण.

इथे प्रतिपिंडांची आठवण होते. चोर सापडत नसेल, तर ज्याने चोराला पाहिले त्याला विचारावे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली दाखवले की रोगाचे विष पचवलेल्या जनावराच्या रक्तात त्याच विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी तयार होते. त्या काहीतरीला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. कुलुपाला जशी त्याचीच किल्ली, तसे जंतूच्या अंगावरील विशिष्ट आकाराला घट्ट धरणारे हे प्रथिन. शरीर ते जंतू भेटल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पुरेसे तयार करते, आणि जंतू गेल्यावरही ते काही महिने रक्तात आणि दुधात रेंगाळते. जंतू एखाद दिवस दडून बसला, तरी प्रतिपिंड दडत नाही. परीक्षेचे बळ हे, आणि दुबळेपणाही हाच.

या तंत्राने कासेत दडलेला जंतू उघडकीला आणल्याची एक जुनी आणि अस्सल गोष्ट माल्टा बेटावरची आहे. ती गाईंची नसून शेळ्यांची आहे, पण प्रश्न तोच. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ चढउतार होणारा एक ताप गाठत असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे पुढची सतरा-अठरा वर्षे कुणाला कळेना. बेटावर शेळ्या दारोदार फिरत आणि दारातच दूध काढून दिले जाई. धट्ट्याकट्ट्या शेळ्या, त्यांच्यावर संशय कोण घेणार? माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी १९०५ साली प्रयोगांसाठी शेळ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या रक्ताने त्या जंतूंचे पुंजके होताना दिसले. म्हणजे त्या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या शरीराने हा जंतू आधीच पाहिलेला होता. मग शोध सुरू झाला आणि जंतू दुधातच सापडला. सैनिकांचे शेळीचे दूध १९०६ मध्ये बंद केले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

या गोष्टीचा पूर्वार्ध सगळे सांगतात. मला त्यातला एक हिशेब अधिक मोलाचा वाटतो. बेटावरच्या सुमारे निम्म्या शेळ्यांनी रक्तात साक्ष दिली; पण दुधातून जंतू बाहेर टाकणाऱ्या शेळ्या दहांत एखादीच होत्या. साक्ष खोटी नव्हती. ती ‘मी त्याला पाहिले आहे’ एवढीच होती. ‘तो आत्ता माझ्या घरात आहे’ अशी नव्हती. प्रतिपिंडाच्या प्रत्येक अहवालाखाली हे वाक्य छापून ठेवावे.

त्याच जंतुकुळाच्या गाईंतल्या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. हा जंतू गाभण गाईचे वासरू पाडतो आणि पुढे कासेत आणि कासेजवळच्या ग्रंथींत मुक्काम करतो. कास मात्र सुजलेली दिसत नाही. दुधातून तो माणसात येतो, म्हणून दूध उकळून पिण्याची आपल्या घरांतली सवय किती शहाणपणाची, हे सांगायला नको. त्याच्यासाठी दुधावरच करायची एक सुंदर परीक्षा जर्मनीत फ्लाइशहाउअर यांनी १९३७ मध्ये मांडली. मारलेले जंतू निळे रंगवून त्यांचा थेंब नळीतल्या दुधात टाकायचा आणि नळी तासभर अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायची. दुधात प्रतिपिंड असले, तर ते निळ्या जंतूंना धरतात, तो पुंजका सायीच्या गोळ्यांना चिकटतो आणि साय वर येताना निळा रंग सोबत घेऊन येते. वर निळे कडे, खाली पांढरे दूध. प्रतिपिंड नसले तर दूध निळसर राहते आणि वरची साय पांढरी. यंत्र नाही, विजेची गरज जवळपास नाही. वर्षानुवर्षे अनेक देशांत गावोगावच्या दुधाच्या कॅनवर ही परीक्षा होत आली. पण ताज्या व्यालेल्या गाईचे दूध, आटत आलेल्या गाईचे दूध किंवा साध्या कासदाहाचे दूध त्या नळीत गेले, तर कडे खोटेही पडते.

ते का, हे पाहायचे तर चीक आठवावा. गाईच्या पोटातल्या वासराला आईचे प्रतिपिंड वारेतून मिळत नाहीत. ते जवळजवळ रित्या हाताने जन्मते. म्हणून व्यायच्या आधीच्या दिवसांत गाय आपल्या रक्तातले प्रतिपिंड कासेत ओतते आणि पहिल्या दिवसाच्या चिकातून वासराला देते. वासराचे आतडे ते पहिल्या चोवीस तासांतच जसेच्या तसे शोषू शकते. पुढे ते दार बंद होते. चिकाचे खरवस करायला घरच्यांची घाई असते, पण पहिला हक्क वासराचा, हे नुसते भूतदयेचे बोलणे नाही. आता परीक्षेच्या दृष्टीने पाहा. व्यालेल्या गाईच्या पहिल्या आठवड्याच्या दुधात सर्वच रोगांचे प्रतिपिंड ओसंडत असतात. तिच्या वासराच्या रक्तातही ते काही महिने सापडतात, आणि त्या वासराने तो जंतू जन्मात पाहिलेला नसतो. आईने सांगितलेली गोष्ट लेकराने स्वतः पाहिल्यासारखी सांगावी, तसे. कास सुजलेली असली, तर रक्त आणि दूध यांच्यामधली भिंत झिरपते आणि शरीरात अन्यत्र झालेल्या आजाराचे प्रतिपिंडही दुधात उतरतात. लसीनेही प्रतिपिंड येतात. वय वाढल्यावर टोचलेली लस आणि खरा रोग यांच्यात साधी परीक्षा भेद करू शकत नाही. सांसर्गिक गर्भपाताची लस आपल्याकडे चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचतात, त्याचे हे एक कारण.

आज जी परीक्षा सर्वत्र चालते तिचे नाव एलायझा. स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी १९७१ साली ती मांडली. प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांच्या तळाला जंतूचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यांत दूध घालायचे. त्या जंतूचे प्रतिपिंड असतील तर ते तळाला धरून राहतात, बाकीचे दूध धुऊन टाकायचे. मग गाईच्या प्रतिपिंडालाच धरणारे दुसरे एक प्रतिपिंड घालायचे, ज्याच्या शेपटीला रंग आणणारे विकर बांधलेले असते. अखेर रंगद्रव्य घातले की साक्षीदार जितके अधिक, तितका रंग गडद. एका पट्टीत सुमारे नव्वद गाईंची तपासणी. फॅट मोजण्यासाठी घेतलेल्या दुधावरच ती होते. निर्जंतुक बाटली लागत नाही, कारण जंतू जिवंत असण्याची गरजच नाही. स्टॅफिलोकॉकससाठी अशी दुधावरची परीक्षा अमेरिकेत १९९० च्या सुमारास वापरात आली, तेव्हा दुग्धपालकांना मोठी आशा वाटली. अनुभवाने ती मर्यादेत आली. बऱ्या झालेल्या गाई रंग दाखवत राहिल्या. चारांपैकी एकाच सडात रोग असलेल्या काही गाई, इतर तीन सडांच्या दुधाने साक्ष पातळ झाल्यामुळे, सुटून गेल्या.

गडद रंग आणि फिका रंग यांच्यामध्ये रेषा कुठे ओढायची, हेही माणूसच ठरवतो. रेषा खाली आणली, तर निर्दोष गाई अडकतात. वर नेली, तर रोगी सुटतात. थोडा हिशेब करून पाहा. समजा, एक परीक्षा दहा रोगी गाईंपैकी नऊ पकडते आणि दहा निरोगी गाईंपैकी एकीवर चुकीचा ठपका ठेवते. ऐकायला वाईट वाटत नाही. शंभर गाईंत दहा रोगी असतील, तर ती नऊ रोगी पकडेल आणि नव्वद निरोगींपैकी नऊ अडकवेल. ठपका आलेल्या अठरांपैकी निम्म्या निर्दोष! आणि हजार गाईंत दहाच रोगी असतील, तर नऊ खऱ्यांमागे नव्याण्णव खोट्या. परीक्षा तीच, तिचे बळ तेच. फक्त रोग विरळ झाला आणि तिच्या शब्दाची किंमत उतरली. म्हणून ‘परीक्षा नव्वद टक्के अचूक आहे’ हे ऐकून आपल्या दारातल्या गाईविषयी काहीच ठरत नाही.

मग या परीक्षेचा उपयोग काय? तो एकट्या गाईसाठी कमी आणि कळपासाठी मोठा. एक साक्षीदार चुकेल. पण एका कळपातल्या तीस गाईंपैकी पंचवीस एकच गोष्ट सांगू लागल्या, तर ती सहसा खोटी नसते. न्यूझीलंडने हे तत्त्व साऱ्या देशावर वापरले. मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा कासदाह, वासरांचा न्यूमोनिया आणि सांधेसूज घडवणारा जंतू तिथे जुलै २०१७ मध्ये साउथ कँटरबरीतल्या एका दुग्धशाळेत प्रथम सापडला. तोवर हा जंतू नसलेल्या मोजक्या देशांत त्याची गणना होत असे. २८ मे २०१८ रोजी सरकार आणि दूध-मांस उद्योग यांनी मिळून त्याचे समूळ उच्चाटन करायचे ठरवले. दहा वर्षांचा अंदाजे खर्च ८८ कोटी ६० लाख न्यूझीलंड डॉलर. जंतू कधी दिसतो, कधी दडतो, म्हणून प्रत्येक दुग्धशाळेच्या टाकीतल्या एकत्र दुधाची प्रतिपिंड तपासणी नियमाने होऊ लागली. टाकीने साक्ष दिली म्हणजे लगेच शिक्षा नव्हे. तिथे अधिकारी जात, अनेक गाईंचे रक्त घेत, प्रत्यक्ष जंतूचा माग काढत आणि तो कळप कुठून कुठे गेला याची कागदपत्रे पाहत. एखाद-दुसऱ्या गाईच्या रंगाला अर्थ नाही. किती गाईंनी रंग दिला, याला अर्थ.

तरीही याची किंमत भयंकर होती. सुमारे २८० ठिकाणे बाधित ठरली आणि १ लाख ८० हजारांहून अधिक गुरे मारली गेली. बाधित कळप पूर्णच काढून टाकायचा, असा नियम होता. म्हणजे कळपाविरुद्धची साक्ष खरी ठरली की ज्या गाईंनी तो जंतू पाहिलाही नव्हता त्याही गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून जोपासलेले कळप एका दिवसात ट्रकमध्ये चढले. भरपाई मिळत होती, पण संशयाच्या काळात जनावरे हलवायला बंदी असायची, आणि ते महिने अनेक कुटुंबांना फार जड गेले. देशाच्या हिशेबात निर्णय बरोबर असेल. गोठ्याच्या दारात उभे राहून तो तसा वाटणे कठीण.

आपल्याकडे आणायचे तर ही रीत जशीच्या तशी बसत नाही. तिकडे एक टाकी म्हणजे एका मालकाचा कळप. बडोद्याच्या वाचकांना आणंद परके नाही; तिथल्या पद्धतीच्या दूध संस्थेत दोन-दोन, तीन-तीन जनावरांची शेकडो घरे सकाळ-संध्याकाळ दूध घालतात आणि ते एका शीतटाकीत मिसळते. त्या टाकीची साक्ष म्हणजे गावाची साक्ष. गावात रोग आहे का, वाढतो आहे की घटतो आहे, एवढे ती उत्तम सांगेल, आणि तेवढ्यासाठी ती वापरावी असे माझे मत आहे. पण तिच्यावरून एखाद्या घराकडे बोट दाखवता येणार नाही. दुसरे असे की तिकडे औषधाला दाद न देणारी गाय सरळ कापायला पाठवतात. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांत गोवधबंदी आहे. इथे ‘रोगी’ ठरलेली गाय बाजारात जाते आणि तिचा रोग स्वस्तात दुसऱ्या गोठ्यात पोचतो. नाहीतर ती रस्त्यावर सोडली जाते. चुकीचा ठपका असेल, तर एका कुटुंबाने चांगली दुभती गाय विनाकारण गमावलेली असते.

तेव्हा हाती कागद आला आणि त्यावर ‘प्रतिपिंड आढळले’ असे लिहिले असेल, तर आधी गाय व्यायला किती दिवस झाले ते पाहावे. आठवड्याच्या आतले दूध असेल, किंवा ती आटत आली असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा आणि नमुना योग्य वेळी पुन्हा द्यावा. तिला लस टोचली होती का, मागच्या वेतात दगडी झाली होती का, हे घरच्याच माणसाला माहीत असते, प्रयोगशाळेला नसते. चारही सडांवर लापशीची ती साधी परीक्षा करून कोणता सड दाट होतो हे पाहावे, आणि त्याच सडाचे दूध जंतू वाढवून पाहण्यासाठी पशुवैद्यकांमार्फत पाठवावे. एकदा नाही म्हणून आले, तर आठवड्याच्या अंतराने आणखी एकदा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंड चढत गेले, तर लढाई चालू आहे. उतरत असले, तर बहुधा जुन्या लढाईची ती आठवण आहे.

याला महिना-सव्वा महिना लागेल. तोवर तिला औषध टोचायचे नाही आणि विकायचेही नाही. तिला दावणीच्या टोकाला बांधावे आणि तिची धार सर्वांत शेवटी काढावी. प्रत्येक गाईला वेगळे फडके असावे आणि धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडे राहते. तेवढा वेळ गाय ओल्या जमिनीवर बसू नये म्हणून हिरवी वैरण धारेच्या आधी न टाकता नंतर टाकावी.